सातवी ओळ

काक्कनाड,
मंगळवार सकाळ

प्रिय जलजाचेची,

आधी बातमी सांगतो, खुशाली मग विचारतो, कारण बातमी पोटात राहत नाहीये. सातवी ओळ लिहूनसुद्धा पेटी आपल्याला दाराबाहेर काढते! काल सकाळी साडेदहाला मी स्वतः कट्टप्पनाच्या पेटीत ती ओळ लिहिली. ऑफिसातली आपली शाहिना शेजारी बसून वाचत होती, मी लिहीत होतो. आणि तरी पुढच्या दोन-तीन ओळींतच स्क्रीन थिजली. तीन वर्षांपूर्वी तुझी थिजली होती, अगदी तश्शीच. तीन वर्षं अख्खं ऑफिस म्हणत आलंय की जलजा ती ओळ लिहायला विसरली, आणि तू एकटी म्हणत होतीस, ‘मी लिहिली होती.’ चेची, तुझ्या नावाला लागलेला बट्टा आता निघणार. मला इतका आनंद झालाय की आज सकाळी पुट्टूवर केळं समजून मी लिंबाचं लोणचं कुस्करलं आणि अर्धं खाऊन होईपर्यंत कळलंसुद्धा नाही. अम्मच्चीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, ‘या पोराला कुणी मुलगी सांगून आलीय की काय?’

तू माझा फोन उचलत नाहीस. तक्रार नाही, मी तुझ्या जागी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून शाहिनाकडून ओट्टप्पालमचा पत्ता घेतला आणि हे हातानं लिहायला बसलोय. शाळेनंतर एवढं सलग हातानं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. ती सांगत होती, तू माहेरच्या घरात शिकवण्या घेतेस आणि गणिताला चाळीस मुलं आहेत. त्या चाळीस जणांचा मला हेवा वाटतो. मला तू थोरल्या बहिणीसारखं एकट्याला शिकवलंस तेव्हा मी त्याची किंमत ठेवली नाही.

तुला आठवतं का, मी नवीन लागलो होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुला विचारलं होतं, ‘या पेटीला इतकी दारं कशाला? फोनच तर यायचे-जायचेत.’ कागदोपत्री तिचं नाव सेशन बॉर्डर कंट्रोलर, पण तुझ्या तोंडी ती कायम ‘पेटी’च. तू मला खालच्या हॉटेलात नेलंस, पळंपोरी मागवली आणि दाखवलंस. लेकराला हाक मारावी तसं म्हणालीस, ‘हे बघ मोने, गिऱ्हाइकं पुढच्या दारानं येतात, पुढच्याच दारानं जातात. ते म्हणजे फोन. मासेवाला मागच्या दारानं येतो. तो म्हणजे आपण, पेटीची देखभाल करणारे. मासेवाला पुढून टोपली घेऊन आला तर गिऱ्हाइकं नाकाला पदर लावतील. म्हणून आपलं दार वेगळं.’ मी विचारलं, मग अडचण कुठं येते? तू हसून म्हणालीस, ‘अडचण येताना नाही, परतताना येते. मासेवाला मागून आला, पण स्वयंपाक्यानं रिकामी टोपली पुढच्या दारानं परत धाडली, तर तो बिचारा मागच्या पायरीवर दिवसभर वाट बघत उभा राहील.’ इंटरफेस, मार्ग, परतीची वाट हे सगळं मला त्या केळ्याच्या भज्यांबरोबर कळलं ते आजतागायत विसरलेलो नाही. कोर्सला भरलेली फी मात्र पाण्यात गेली.

आणि तुझी ती शिस्त! कुठल्याही पेटीला हात लावायचा तर दोघांनी. एकानं कागदावरची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं लिहायची. लिहून झालं की लिहिणाऱ्यानं ‘शरी’, म्हणजे बरोबर लिहिली, असं म्हणायचं, आणि ‘शरी’ ऐकल्याशिवाय वाचणाऱ्यानं पेन्सिलीची खूण करायची नाही. खुणा केलेला कागद शेवटी फायलीत. नवे लोक हसायचे, म्हणायचे जलजाचेची चर्चमधल्यासारखी प्रार्थना म्हणून घेते. तू म्हणायचीस, ‘शंभर मैलांवरच्या पेटीला इथून हात लावायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. निदान किती शेळ्या आहेत ते तरी मोजा.’

दुसरी शिस्त परतीच्या घड्याळाची. आपण ज्या वाटेनं पेटीत शिरलो तीच वाट बदलायची असेल, तर आधी पेटीला सांगून ठेवायचं की अमुक मिनिटांनी आपोआप बंद होऊन जुन्या मांडणीवर परत सुरू हो. काम नीट झालं तर आत बसून घड्याळ काढून टाकायचं. आणि आपण बाहेर फेकलो गेलो, तर वाट बघायची. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची असते, मग खाली गवताचा भारा नको का टाकायला, असं तू म्हणायचीस.

तो दिवस मी तुला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण काल तो माझ्यासमोर पुन्हा जसाच्या तसा घडला. कट्टप्पनाचा ॲम्ब्युलन्सचा कंट्रोल रूम, नव्या टेलिफोन कंपनीची लाइन जोडायची. त्यासाठी पेटीचा हमरस्ता बदलायचा होता. ज्याचा पत्ता पेटीला ठाऊक नाही ते सगळं ज्या दारानं धाडायचं तो हमरस्ता. तोवर तो आपल्या, म्हणजे मासेवाल्याच्या दारावर होता. तो पुढच्या, फोनच्या दाराला न्यायचा. आणि नेण्याआधी सातवी ओळ लिहायची: काक्कनाडच्या ऑफिसातून जो येईल त्याची टोपली मागच्याच दारानं परत. ती ओळ नसली की आपण आत शिरतो, पेटी उत्तर देते, आणि ते उत्तर पुढच्या दारानं निघून कुठंतरी नाहीसं होतं. तू लिहीत होतीस, मी वाचत होतो. हमरस्ता हलला आणि स्क्रीन थिजली. फोन व्यवस्थित चालू होते, पेटी साऱ्या इडुक्की जिल्ह्याशी बोलत होती, फक्त आपल्याशी अबोला. आत जाता येईना म्हणून घड्याळ काढता येईना, आणि दहा मिनिटं भरल्यावर पेटी कामाच्या ऐन वेळी बंद झाली. सुरू व्हायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत मिरीच्या वेलावरची शिडी निसटून पडलेल्या एका म्हाताऱ्याच्या घरच्यांनी तीनदा फोन केला. शेवटी त्यांनी त्याला शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं. म्हातारा वाचला, अजूनही मिरी तोडतो, काल तिथले राखणदार कुञ्ञुमोनचेट्टन सांगत होते. पण दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सात मिनिटं मुकी’ असं छापून आलं, आणि कुणाचं तरी नाव लागणारच होतं. पेटी जुन्या मांडणीवर परतली होती, त्यामुळे तू काय लिहिलं होतंस त्याचा मागमूस उरला नव्हता. चौकशीत खुणांचा कागद मागितला, तो सापडला नाही. मला विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते तू समोर बसून ऐकलंस. त्याच्याकडे येतोच.

त्यानंतर तीन वर्षं त्या पेटीला कुणी हात लावला नाही, चेची. नवी लाइन मध्ये दुसरंच एक यंत्र घालून कशीबशी जोडली होती, आणि सगळे त्या पेटीसमोरून भुताच्या झाडाखालून जावं तसे जायचे. गेल्या महिन्यात ते मधलं यंत्र कुरकुरायला लागलं. आपले साहेब तंकच्चनसार म्हणाले, ‘आता काय ते सरळ करून टाका. सिबी, तू करशील?’ टेबलाभोवती सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

काल सकाळी सगळे फोन आधी दुसऱ्या पेटीवर वळवले. हो, आता तिथं दोन पेट्या आहेत! तू चार वेळा लेखी मागितलेली दुसरी पेटी तू गेल्यावर दोन महिन्यांत आली. तेव्हा या वेळी कुणाच्या जिवाशी खेळ नव्हता. घड्याळ लावलं तीस मिनिटांचं. शाहिना वाचायला बसली. पाच, सहा. सातवी ओळ वाचताना ती जरा थांबली, माझ्याकडे बघितलं. मी एकेक अक्षर दाबून लिहिली, पुन्हा वाचली आणि म्हणालो, ‘शरी.’ दहावी ओळ, हमरस्ता हलवला. आणि थिजली! शाहिना म्हणाली, ‘अय्यो, लिहिली ना तू? मी बघितलं ना!’ मी खुर्चीवरून उठलो तो खुर्ची मागं पडली. लोकांना वाटलं मी घाबरलो. घाबरलो कसला, माझ्या अंगावर काटा आला होता. ओळ लिहूनही पेटी गप्प होते! म्हणजे तुझ्या वेळीही…

पण लगेच दुसरा विचार आला. घड्याळ! अठ्ठावीस मिनिटांनी पेटी स्वतःहून बंद होणार, जुन्या मांडणीवर जाणार, आणि आत काय लिहिलंय ते पुन्हा पुसलं जाणार. त्याआधी कुणीतरी पेटीच्या पुढ्यात उभं राहून, थेट तार जोडून, आत डोकावायला हवं होतं. काक्कनाड ते कट्टप्पना घाटातून चार तास. तिथं त्या वेळी जागेवर होते एकटे कुञ्ञुमोनचेट्टन.

तुझी-त्यांची भेट झाली होती का? तेच ते, वीजमंडळातून निवृत्त झालेले, आता कंट्रोल रूमची राखण करतात आणि पेटीला ‘ती अवदसा’ म्हणतात. फोन लावला. म्हणालो, चेट्टा, पेटीच्या कपाटात एक निळी तार असेल, शोधा. ते म्हणाले, ‘इथं सतरा निळ्या तारा आहेत. तुम्ही लोकांनी तारांचं रान माजवलंय.’ मी म्हणालो, बघा तर खरं. दोन मिनिटं नुसता खडखडाट ऐकू आला. मग त्यांचा आवाज बदलला. ‘मोने, एकीला लाल रिबीन बांधलीय. चिठ्ठी आहे. अक्षर सुरेख आहे हो. लिहिलंय, “ही तार इथून हलवू नये. अडचणीत हीच उपयोगी पडेल. – जलजा.”’ चेची, तुझ्या हातची चिठ्ठी! तू तिथं शेवटची कधी गेली होतीस? चार वर्षांपूर्वी? चार वर्षं ती रिबीन तिथं बांधलेली होती, आणि आम्ही इथं बसून म्हणत होतो की जलजा विसरते!

मग सुरू झाली आमची वरात. कंट्रोल रूममधला जुना लॅपटॉप आणला, तो चालू व्हायला सहा मिनिटं. तार जोडली. मी इकडून एकेक अक्षर सांगायचो आणि ते तिकडे शोधायचे. ‘एस… एस कुठं लपलाय… हां, सापडला, डावीकडे कोपऱ्यात बसलाय लेकाचा.’ शाहिना भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहून मिनिटं ओरडत होती. ‘चौदा! बारा!’ सगळा मजला माझ्या टेबलाभोवती जमला, कॅन्टीनवाला चहाची किटली हातात धरून तसाच उभा. तंकच्चनसार आले आणि माझी पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसले. नऊ मिनिटं राहिली तेव्हा पेटीचं पोट स्क्रीनवर उघडलं. मी म्हणालो, चेट्टा, मागच्या दाराच्या वाटा लिहिल्यात तिथं एक ओळ असेल, वाचा. ते म्हणाले, ‘आहे. एकच आहे.’

आहे! चेची, मी टेबलावर मूठ आपटली, किटलीतला चहा सांडला. ओळ आत होती!

‘वाचा, वाचा चेट्टा.’ ते वाचायला लागले, ‘दहा, टिंब, चाळीस, टिंब…’ मी म्हणालो, थांबा, चाळीस? साठ असेल, नीट बघा. तिकडून आवाज चढला, ‘मोने, एकतीस वर्षं मी घरोघर फिरून मीटर वाचलेत. कुत्रे मागं लागलेले असताना वाचलेत. चाळीस म्हणजे चाळीस!’ मी फोटो काढून पाठवा म्हणालो. फोटो आला त्यात अर्धा त्यांचा अंगठा आणि अर्धी ओळ. पण त्या अर्ध्या ओळीत चाळीस स्पष्ट दिसत होतं. फोटो आला तेव्हा एकोणीस सेकंद की काय ते उरले होते, आणि मग तिकडे पेटीचे दिवे गेले. कुञ्ञुमोनचेट्टन म्हणाले, ‘गेली अवदसा झोपायला.’

आता तुला कळलं असेलच. तू माझ्यापेक्षा लवकर जोडतेस. चाळीस म्हणजे चौथा मजला. आपण चौथ्या मजल्यावर होतो तेव्हा आपल्या संगणकांच्या पत्त्यात चाळीस होतं. सहाव्यावर आलो तेव्हा ते साठ झालं, आणि आपण सहाव्यावर आलो तुझ्या त्या दिवसाच्या जेमतेम पाच महिने आधी. पण ओळींचा तक्ता, म्हणजे आपण वाचून दाखवतो तो कागद, जुनाच राहिला, आणि आपण तो न तपासता तसाच उतरवत आलो. पेटी इमानेइतबारे टोपली परत धाडत होती, पण ज्या मजल्यावर आता विम्याचं ऑफिस आहे तिथं! बाकी सगळ्या गावांच्या पेट्यांत हमरस्ता आपल्याच दारावर आहे, त्यामुळे तिथं सातवी ओळ नुसती शोभेची. चूक असली काय, बरोबर असली काय, काही बिघडत नव्हतं. फक्त कट्टप्पनाला ती ओळ खरी कामाला येणार होती, आणि तिथंच तिनं दगा दिला. इतकं साधं, चेची. हातच्या काकणाला आरसा नको इतकं. मी दुपारी चाळीसचं साठ केलं, पुन्हा सगळ्या ओळी लिहिल्या, हमरस्ता हलवला, आणि पेटी उत्तर देतच राहिली. मी घड्याळ काढून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्टीनवाल्यानं सगळ्यांना पळंपोरी दिली. तुझी आठवण काढून मी चार खाल्ल्या.

मी ओरडत होतो, ‘जलजाचेची बरोबर होती! बघा, ती बरोबर होती!’ शाहिनानं तेवढ्यात कागदाचं खालचं टोक माझ्यापुढं केलं. तिथं बारीक अक्षरात छापलंय, ‘तक्ता तयार करणार: सिबी.’ तुला हे ठाऊक होतं, नाही का? तो तक्ता मी माझ्या पहिल्या वर्षी केला होता, आणि मजला बदलल्यावर तो सुधारायचं काम तू माझ्याकडेच दिलं होतंस. मी ‘झालं’ म्हणालो होतो. तेव्हा चूक माझी, हे काल सगळ्यांसमोर कळलं आणि मी ते तिथंच कबूल केलं. खरं सांगतो, त्यानं मला फार वाईटही वाटलं नाही. चुका होतात. तुझं नाव सुटलं या आनंदात मी माझं नाव अडकल्याचंही साजरं करत होतो.

आणि मग तंकच्चनसारांनी सगळ्यांना पांगवलं. मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. तुला ते ठाऊक आहेतच, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, ‘सिबी, आज एवढंच सिद्ध झालं की ओळ चुकीची होती. जलजानं ती लिहिली होती, हे कुठं सिद्ध झालं? तिनं ओळ लिहिलीच नसती, तरी पेटी अशीच गप्प बसली असती. मी वर जाऊन काय सांगू? तिचं प्रकरण पुन्हा उघडायचं तर माझ्या हातात काहीतरी हवं.’ मग चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘तो खुणांचा कागद असता तर.’

मी तडक उठलो. घरी आलो. दुपारचे साडेतीन झाले होते, अम्मच्ची शेजारच्यांकडे गेली होती. तिच्या शिवणयंत्राच्या खालच्या खणात, जिथं जुन्या कपड्यांची बटणं ठेवते, तिथं हात घातला.

चेची, आता मुद्द्यावर येतो. एवढी पानं मी उड्या मारत लिहिली, कारण ही ओळ लिहायची हिंमत गोळा करत होतो. त्या दिवशी पेटी मुकी झाली आणि सगळे धावत आले, तेव्हा मी टेबलावरचा कागद घडी करून खिशात घातला. का, ते मला नीट सांगता येत नाही. ओळ लिहूनही पेटी गप्प झाली म्हणजे दोष कागदात असणार, एवढं मला त्याच क्षणी कुठंतरी कळलं असावं, आणि नोकरी पक्की व्हायला माझे नऊ दिवस उरले होते. नंतर मी तो उघडून कधी बघितलाही नाही, बघितला असता तर चाळीस दिसलं असतं. चौकशीत त्यांनी विचारलं, ‘सातवी ओळ तिनं लिहिलेली तुला आठवते का?’ आणि मी म्हणालो, ‘मी मध्ये चहाला उठलो होतो, आठवत नाही.’ मी उठलो नव्हतो. मला आठवत होतं. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, आणि नंतर मान खाली घातलीस ती माझ्यासाठी, हेही मला तेव्हाच कळलं होतं. तू एका शब्दानं म्हणाली असतीस की सिबी खोटं बोलतोय, तर माझं काही उरलं नसतं. तू म्हणाली नाहीस, आणि मी तीन वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो. आज ऑफिस उघडल्या उघडल्या कागदाची प्रत आणि माझा लेखी जबाब सारांच्या टेबलावर ठेवून आलो, तिथून उठून घरी येऊन हे लिहितोय. त्यांनी दोन्ही वाचलं. मग म्हणाले, ‘तुझं काय करायचं ते मी बघेन. तिला कळव, तिची खुर्ची दुसऱ्याला दिलीय, पण बाजारात खुर्च्या मिळतात.’ तू यावंस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी गमावलाय. माफीही या पत्रात मागत नाही, ती तोंडावर मागायची गोष्ट आहे आणि तू दार उघडलंस तरच मागेन. हे पत्र फक्त पाकिटातला दुसरा कागद तुझ्या हाती पडावा म्हणून आहे. मूळ कागद आहे, प्रत नव्हे. घडीवर थोडा फाटलाय, एका कोपऱ्याला बटणाचा गंज लागलाय, पण पेन्सिल पुसलेली नाही. अकरा ओळी आहेत आणि अकरा खुणा आहेत. सातवीवरची खूण बाकीच्यांहून जरा मोठी आहे, कारण त्या ओळीला तू ‘शरी’ दोनदा म्हणाली होतीस.

त्या दिवशी तुझ्या शेजारी बसून वाचणारा,
तुझाच
सिबी